सतराव्या रकान्यातलं ‘नाही’

प्रमाणपत्र आलं ते नेमकं जिजाबाईच्या तेरवीच्या सकाळी. गार्गीचा फोन आला. "मावशी, मिळालं! एकही शंका न काढता दिलं त्यांनी!" मी तेव्हा दूध तापवत होते. ते उतू जाऊन शेगडी विझली तरी मी फोन कानाला लावून उभीच होते.

गार्गी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. नागपूरच्या कडेला बेसाला तिचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, चार बाया आणि मोजता येणार नाहीत इतक्या बाटल्या. तिथे ती अत्तरं आणि चेहऱ्याची क्रीमं बनवते. सगळं व्हीगन. म्हणजे त्यात प्राण्यापासून आलेलं काही नाही, दूध नाही, मध नाही, मेण नाही, आणि कुठल्या प्राण्यावर ते तपासूनही पाहिलेलं नाही. नाव ठेवलं ‘अहिंस्र’. मी तेव्हाच म्हटलं होतं, अगं, हे नाव नागपुरात कोणाच्या तोंडात बसायचं नाही. तसंच झालं. कुरिअरवाला खालून हाक मारतो, "हिंस्रवाल्या मॅडम आहेत का?"

मी सुहासिनी. वीज कार्यालयात तेहतीस वर्षं कारकुनी केली आणि निवृत्त होऊन हुडकेश्वरला राहते. माझं अक्षर चांगलं आहे आणि कागदपत्रांची मला भीती वाटत नाही, म्हणून गार्गीचे सगळे फॉर्म मी भरते. माझ्या स्वभावात एक खोट आहे. रकाना रिकामा राहिलेला मला बघवत नाही. साहेब लोक म्हणायचे, सुहासिनीबाईंच्या टेबलावरून अर्धवट कागद पुढे जात नाही. मला त्याचा केवढा अभिमान होता!

गार्गी ढोंगी आहे असं कोणी समजू नये. कॉलेजात असताना तिने कुठेतरी बघितलं की शाम्पू तपासायला सशांच्या डोळ्यांत थेंब टाकतात, आणि त्यांना पापणीही मिटता येऊ नये म्हणून जखडून ठेवतात. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने घरातलं सगळं प्रसाधन पिशवीत भरून टाकून दिलं. माझ्या आईच्या कुंकवाखाली मेण असायचं, मधमाशीचं. त्या मेणाच्या पितळी डबीवरूनही ती माझ्याशी भांडली. मला राग आला होता, पण तिचं रडणं खरं होतं. मुलगी खोटी असती तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

तिला कस्तुरीचं अत्तर करायचं होतं. खरी कस्तुरी हरणाला मारून काढतात. पण कस्तुरी भेंडी म्हणून एक झाड असतं, आपल्या भेंडीसारखंच, पिवळ्या फुलांचं, आणि त्याच्या बीला हुबेहूब कस्तुरीचा वास येतो. हरणाशिवाय कस्तुरी! गार्गीला तर आकाश ठेंगणं झालं. ते बी पिकवणारा माणूस शोधत शोधत आम्ही कुहीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात देवरावांच्या शेतावर पोचलो.

देवराव साठीचे, काटक, कमी बोलणारे. बायको जिजाबाई त्यांच्या वाट्याचंही बोलायची. सगळं गाव धान लावत असताना या दोघांनी दोन एकरांत कस्तुरी भेंडी लावली होती, निव्वळ हौसेनं. जिजाबाई ते बी लुगड्यांच्या घडीत ठेवायची. पहिल्याच भेटीत तिने मला मूठभर हुंगायला दिलं.

"घ्या वं बाई, वास तं घ्या. माही पेटी उघडली का शेजारीण इचारते, कोण पाहुनी आली म्हणून."

वास घेतला आणि मला माझ्या वडिलांचा पूजेचा कोट आठवला. गार्गीने तिथेच त्या दोघांशी बोलणं पक्कं केलं. या हंगामाचं सगळं बी ‘अहिंस्र’ला. देवरावांनी मान हलवली, म्हणजे शब्द दिला.

भाद्रपदात आम्ही परत गेलो ते फॉर्म घेऊन. बाहेरच्या एका संस्थेचं प्रमाणपत्र मिळालं की बाटलीवर सशाचं चित्र छापता येतं आणि मग मोठी दुकानं माल ठेवतात. चौतीस रकाने होते. मी बांधावर खाटेवर बसून एकेक वाचत होते, देवराव उत्तर देत होते. शेणखत वापरता का, बैल जुंपता का, मधमाश्यांच्या पेट्या आहेत का. सगळं नीट चाललं होतं. सतरावा रकाना होता, ‘शेतात प्राण्यांना विजेचा धक्का देणारे कोणतेही साधन आहे काय?’

"हाय ना," देवराव म्हणाले. "झटका हाय."

शेताभोवती लाकडी खुंट्यांवर तीन पदरी तार होती. कोपऱ्यात एका खांबाला पिवळी पेटी, तिच्यावर छोटी सोलरची प्लेट. पेटीतून सेकंदाला एकदा टक् असा आवाज यायचा. जंगली डुक्कर तारेला लागलं की त्याला झटका बसतो आणि ते पळून जातं. मरत नाही. हे यंत्र कायद्याने चालतं आणि कुही तालुक्यात आता शेतोशेती आहे. वीज कार्यालयात असताना आम्हीच लोकांना सांगायचो की बाबांनो, हेच लावा.

"दुखतं का त्यांना?" गार्गीने विचारलं.

"लावून पाहा ना तुम्ही," जिजाबाई हसली. ती तारेजवळ गेली आणि हाताची मागची बाजू तारेला टेकवली. टक् झालं, तिचा हात उडाला आणि बांगड्या वाजल्या. "रोज सकाळी म्या असीच पायतो, चालू हाय का बंद. डास चावल्यावानी लागते. पण तळहात नाई लावाचा बाई. तळहात लावला का मूठ आवळते. मागचा हात लावला तं हात आपोआप फेकल्या जाते. हे यायनंच शिकवलं मले."

मीही लावला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या आणि दोन मिनिटांत गेल्या. गार्गीने लावला नाही. तिचा चेहरा कसानुसा झाला होता, ससे आठवले असावेत.

"काका, हे काढावं लागेल."

देवरावांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "का?"

"धक्का म्हणजे वेदना. मुक्या प्राण्याला वेदना देऊन काढलेलं अत्तर मी अहिंस्र म्हणून कसं विकू? आणि इथे ‘आहे’ लिहिलं तर प्रमाणपत्रच मिळणार नाही."

"मंग डुकरायले का पत्र लिवू का, ताई? का बाबाहो, येऊ नका म्हणून?"

जिजाबाई खळखळून हसली. मीही हसले. गार्गी हसली नाही. तिने पर्याय सांगितले. कडेने मिरची लावा, केसांचे पुंजके टाका, रेडिओ लावून ठेवा. इंटरनेटवर हे सगळं लिहिलेलं असतं. जंगलाकाठच्या माणसाला डुकराबद्दल शिकवणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं झालं, पण देवराव पडले शब्दाचे पक्के. बी द्यायचं कबूल केलं होतं. ते उठले आणि पान्हा आणायला घरात गेले.

तार काढायला दोन दिवस लागले असते आणि गार्गीला फोटो त्याच दिवशी हवे होते. म्हणून तार राहिली, फक्त पेटी निघाली. गार्गी म्हणाली की पेटी आपण घेऊन जाऊ.

"मशीन नेऊन राहिले? काहून?" देवरावांनी विचारलं.

"नाही म्हणजे... इथे राहिली की परत लावावीशी वाटेल ना, काका."

साठीच्या माणसाला असं बोलायचं नसतं. मला लाज वाटली, पण मी पेटी मांडीवर घेऊन गाडीत बसले. निघताना काच खाली करून मी विचारलं, "देवराव, मग डुकरांचं काय करणार?"

"पाहू ना बाई काहीतरी."

काहीतरी! तेहतीस वर्षं मी वीज कार्यालयात होते. शेतातल्या अपघातांच्या फायली माझ्याच टेबलावरून जात. पंपाच्या लायनीवरून आकडा टाकून तोच प्रवाह कुंपणाच्या तारेत सोडतात. डुक्कर जागच्या जागी मरतं, कधी गाय मरते, कधी माणूस. प्रत्येक जबाबात तोच शब्द असायचा, ‘पिकाच्या रक्षणासाठी काहीतरी करावे म्हणून.’ मी त्या शब्दाला चांगली ओळखत होते. तरी गाडी हायवेला लागायच्या आत मी फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि सतराव्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं, ‘नाही’. खाली शेतकऱ्याचा अंगठा नाही, सही होती. आणि ‘पाहणी करणाऱ्याची सही’ या जागी माझी.

त्यानंतर गेलो ते डिसेंबरात. बोंडं भरली होती, पंधरा-वीस दिवसांत तोडणी येणार होती. पण शेताच्या जंगलाकडच्या कोपऱ्यात नांगर फिरवल्यासारखी माती उकरलेली होती आणि झाडं आडवी पडली होती. देवरावांचे डोळे लाल. ते खाटेवर बसल्या बसल्या पेंगत होते.

"महिना झाला, रातभर डब्बा वाजवते हा माणूस," जिजाबाई म्हणाली. "रेडू लावला, मिरच्या लावल्या. डुकरं मिरच्याबी खाऊन गेले, माय! आता जेवता जेवता झोपतेत हे. सांगून राहिलो मी का जाऊ द्या, तेवढं बी कमी येईन तं येईन. आयकतच नाई."

मी म्हटलं, "देवराव, जिजाबाई बरोबर सांगते."

गार्गी तो उकरलेला कोपरा बघून आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, यात नाटक नव्हतं. तिने दुकानांना तारखा दिल्या होत्या. "काका, एवढ्यात नाही भागणार हो. माझं सगळं यावर आहे. तुम्ही काहीतरी करा ना."

"करतो ताई," देवराव म्हणाले.

आता मी जे सांगते ते मी गार्गीलाही अजून सांगितलेलं नाही. पंपाच्या खोपटात मला नव्या काळ्या वायरीचं वेटोळं दिसलं. मी विचारलं, "ही कशाला?" देवराव म्हणाले, "पंपाची, बाई. जुनी जळली." आणि पंप तर आमच्यासमोर व्यवस्थित चालू होता, पाटातून पाणी धावत होतं. त्याच वेळी मागे जिजाबाई धुतलेलं लुगडं कुंपणाच्या तारेवर वाळत घालत होती. "आता तुमची तार माह्या कामाची झाली," ती मला म्हणाली. "मशीन गेलं, तवापासून म्या दोरी बांधलीच नाई."

इकडे वायर, तिकडे लुगडं. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकाच वेळी आल्या आणि एकमेकींना भिडल्या. मी तोंड उघडलं, तेवढ्यात गार्गीने हाक मारली, मावशी, जरा उन्हाला आड उभी राहा. ती जिजाबाईच्या भेगाळलेल्या हातांना क्रीम लावत होती आणि फोटो काढत होती. जिजाबाई नव्या नवरीसारखी हात पुढे करून उभी होती. मी मनात म्हटलं, नवरा बायकोला सांगेलच की. एवढं मी मनात म्हटलं आणि उन्हाला आड उभी राहिले.

देवरावांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने लावू दिलं नसतं, म्हणून नाही सांगितलं. शेतीची लाईन, म्हणजे पंपांची वीज, एक आठवडा रात्रीची असते, एक आठवडा दिवसाची. तोडणीच्या त्या आठवड्यात ती रात्रीची होती. ते दिवस बुडाल्यावर आकडा टाकत आणि जिजाबाई उठायच्या आत काढून ठेवत. रविवारच्या रात्री लाईन मध्येच गेली ती आलीच नाही. पहाटे त्यांना वाटलं, मेलेलीच आहे, आता रात्रीच येईल. महिन्याभराची झोप साचली होती. आकडा तसाच ठेवून ते जाऊन आडवे झाले. सोमवारी आठवडा बदलतो आणि लाईन दिवसाची होते, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. साडेआठला लाईन आली. पावणेनऊला जिजाबाई ओलं लुगडं घेऊन तारेपाशी गेली.

शेजारच्या शेतातल्या दुर्गेशचा मला फोन आला. देवरावांच्या फोनमध्ये माझा नंबर ‘कागदवाल्या बाई’ म्हणून होता.

"काकू गेली, बाई. लाईन आली हे काकायच्याच ध्यानात आलं, ते आकडा तोडाले धावले. मूठ सुटत नव्हती तिची. लय कोशिश केली आमी."

मूठ सुटत नव्हती.  पेटी त्या खांबावर असती, तर तिने सवयीप्रमाणे आधी मागचा हात लावला असता. हात फेकला गेला असता. पेटी काढून नेली म्हणून तार मेलेली आहे अशी तिची खात्री होती, आणि म्हणून तिने तळहात लावला. ती पेटी माझ्या घरी, धुण्याच्या मशीनमागे, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. मी तिच्याकडे बघायचीही टाळत होते.

देवरावांना पोलिसांनी नेलं. बेकायदा वीजप्रवाह सोडला आणि माणसाचा जीव गेला, गुन्हा सरळ होता. मी गार्गीकडे गेले. तिथे सगळीकडे कस्तुरीचा वास होता. अपघाताच्या दोन दिवस आधी पहिली तोडणी येऊन पडली होती. गार्गी रडून रडून सुजली होती.

"आपण ठाण्यात जाऊन सांगू," मी म्हटलं. "त्यांच्याकडे यंत्र होतं, चांगलं, कायद्याचं. आपण काढायला लावलं. तो माणूस डुकराला सुद्धा मारत नव्हता, गार्गी."

"पण मावशी, आपला काय संबंध? आपण तर वीज काढाच म्हणून सांगितलं होतं! वीज लावा असं मी कधी म्हटलं?"

बरोबर होतं तिचं. शब्दाला शब्द लावून बघितलं तर तिची काडीची चूक नव्हती. तिने वीज काढायला सांगितली होती आणि काहीतरी करायला सांगितलं होतं.

"आणि तू सांगितलंस तर ती संस्था प्रमाणपत्र देईल का? ही चार बायांची पोटं आहेत इथे. जिजाबाई परत येणार आहे का?" मग ती हळूच म्हणाली, "फॉर्मवर सही तुझी आहे, मावशी. मला तुझीच काळजी आहे."

त्या वाक्याने मी बारा दिवस गप्प राहिले. मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटून घेतलं की झालं असंही वाटत होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी जिजाबाईच्या नावाने अन्नदानाची पावती फाडली, देवळात दिवा लावला. जिथे जायला हवं होतं तिथे मात्र गेले नाही. दुर्गेशकडून कळलं की देवरावांना जामीन मिळाला आणि तेरवी शनिवारी आहे.

आणि शनिवारी सकाळी प्रमाणपत्र आलं. गार्गीने लगेच ते माझ्या फोनवर पाठवलं. वर सशाचं चित्र, खाली इंग्रजीत लिहिलेलं की या उत्पादनाच्या कोणत्याही टप्प्यावर कोणत्याही प्राण्यास इजा झालेली नाही. मी ते दोनदा वाचलं. मग शेगडी पुसली, चादरीतून पेटी काढली, पिशवीत घातली आणि कुहीची एसटी धरली.

आधी ठाण्यात गेले. तपास करणारे फौजदार सभ्य होते, बसायला खुर्ची दिली. मी फॉर्मची प्रत आणि पेटी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सतरावा रकाना वाचला.

"बाई, इथं तुम्हीच लिहिलं आहे का साधन नाही."

"मी लिहिलं. पण ते आम्ही काढून नेलं म्हणून नव्हतं. त्याआधी होतं, चालू होतं. मी स्वतः हात लावून बघितलं. आणि डिसेंबरात मी वायरही बघितली होती. मला कळलं होतं आणि मी बोलले नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक सांगतो, राग नका मानू. यानं त्यांचा गुन्हा पुसल्या जात नाही. कोर्टात थोडा फरक पडला तं पडंन. पण तुमचं नाव येईन कागदावर. भाचीचंही."

"येऊ द्या."

त्यांनी कोरे कागद दिले. मी तीन पानं लिहिली. तेहतीस वर्षं इतरांचे जबाब फायलीला लावले होते, स्वतःचा पहिल्यांदाच लिहिला. लिहिता लिहिता दोन वेळा फोन वाजला. तिसऱ्यांदा मी उचलला. गार्गी म्हणाली, "मावशी, कुठे आहेस? पेढे आणलेत." मी सांगितलं, कुठे आहे ते.  मग ती म्हणाली, "तू माझी आहेस की त्यांची?"  फोन ठेवून मी सही केली. पेटीचे फोटो काढून, पंचासमोर नोंद करून, त्यांनी ती माझ्याच ताब्यात परत दिली. मागतील तेव्हा हजर करीन असं त्यावरही लिहून दिलं.

गावात पोचले तेव्हा देवरावांच्या अंगणात पंगत बसली होती. त्यात ते नव्हते. दुर्गेशने शेताकडे बोट दाखवलं.

देवराव खाटेवर बसले होते. डोक्याचं मुंडण केलेलं, अंगावर नवीन टॉवेल. शेतातलं राहिलेलं पीक तसंच उभं होतं, बोंडं उकलून काही बी खाली सांडलं होतं आणि वाऱ्याबरोबर त्याचा वास येत होता. मी पिशवीतून पेटी काढून त्यांच्यासमोर ठेवली.  मी एवढंच म्हटलं, "देवराव, मी ठाण्यात सगळं लिहून दिलं. चूक आमची आहे. मला वायर दिसली होती."

"मालूम हाय," ते म्हणाले. "तुमी पायली तवा म्या तुमच्या तोंडाकडंच पाहून राहिलो होतो. वाटलं, बाई आता बोलंन. बोलली तं नाई लावणार."

 माझ्या एका शब्दासाठी तो माणूस थांबला होता.

"त्या कागदाचं का झालं, ताईच्या?" त्यांनी विचारलं.

मी फोन काढून दाखवला. सशाकडे ते बघत राहिले. इंग्रजी त्यांना येत नाही. "का लिवलं हाय?"

"कोणत्याही प्राण्याला इजा झाली नाही, असं."

"खरं हाय," देवराव म्हणाले. "आठ दिवस आकडा टाकला. डुक्कर एकबी नाई मेलं."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी तो घेतला असता. ते उठले, पेटी उचलली, खांबापाशी गेले. जुने खिळे तिथेच होते. त्यांनी पेटी अडकवली, तारा जोडल्या, सोलरची प्लेट उन्हाकडे फिरवली आणि टॉवेलच्या टोकाने तिच्यावरची धूळ पुसली. थोड्या वेळाने आवाज सुरू झाला. टक्. टक्.

मग त्यांनी हात पुढे केला. मागची बाजू नाही. तळहात. तारेभोवती त्यांनी मूठ आवळली.

टक् झालं की खांद्यापर्यंत हात हादरायचा, मान हलायची. सोडायला मधे एक सेकंद असतो. ते सोडत नव्हते.

"देवराव, सोडा," मी म्हटलं. "सोडा हो."

"पाहा बाई," ते म्हणाले. टक्. "काई नाई होत." टक्. "पाहून घ्या तुमी. काई नाई होत."